सहाव्या पायरीवर डोकं आपटू नये म्हणून: फ्रीकॅड १.० आणि गोल जिना

आमच्या बेळगावातल्या अनगोळच्या घरात गच्चीवर जायला लोखंडी गोल जिना आहे, २०१६ साली बसवलेला. मागच्या दिवाळीच्या साफसफाईत मामंजी वर चढताना सहाव्या पायरीवरून सातव्यावर पाय टाकत होते आणि लँडिंगच्या, म्हणजे वर जिना संपतो त्या सपाट जागेच्या, अँगलची कड कपाळावर बसली. पाच टाके पडले. वय अठ्ठ्याहत्तर. ते स्वतः म्हणाले, "माझंच लक्ष नव्हतं बघ." पण लक्ष असून नसून त्या ठिकाणी डोकं लागणारच होतं, हे मला नंतर संगणकावर दिसलं. जिना बनवणाऱ्याचं नाव घेत नाही. त्यानं जे केलं ते आपल्याकडं बहुतेक जण करतात: एका पायरीला ३० अंश, म्हणजे बारा पायऱ्यांत पूर्ण फेरा, मार्किंग सोपं. लँडिंग कुठल्या पायरीच्या डोक्यावर येतंय हे कागदावर कोणी बघितलंच नाही, कारण कागदावर ते दिसत नाही.

मी ड्राफ्ट्समन सिव्हिलचा आयटीआय केलाय. उद्यमबागेतल्या चार-पाच फॅब्रिकेशनवाल्यांना घरी बसून ड्रॉइंग करून देते. गेट, शेड, ग्रिल, पाण्याच्या टाकीचा स्टँड, अशी कामं. टू-डी सवयीचं होतं. मामंजींच्या कपाळावरच्या त्या टाक्यांनंतर मात्र ठरवलं की गोल जिना पूर्ण उभा करून, त्याच्यावर चढून बघितल्याशिवाय कोणाला द्यायचा नाही. गेले चार महिने त्यासाठी फ्रीकॅड हे थ्री-डी ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर वापरतेय, आणि त्याबद्दल लिहायचंय ते गोल जिने आणि वळणदार आकार करणाऱ्यांसाठी. बाकीच्या गोष्टी यूट्यूबवर भरपूर आहेत.

फ्रीकॅड फुकट आहे. चोरून वापरायचं नाही, खरंच फुकट, मुक्त स्रोत, एलजीपीएल परवान्याखाली. धंद्याला वापरलं तरी कोणाला पैसे द्यायचे नाहीत. २००२ पासून हे चालू आहे, पण १.० ही आवृत्ती २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये आली. महिन्याला दोन-तीन जिन्यांची ड्रॉइंग करणाऱ्या माणसाला दरवर्षी मोठ्या सॉफ्टवेअरचं लायसन्स परवडत नाही, हे बेळगाव, खानापूर, निपाणीत कोणालाही विचारा. विंडोज आणि लिनक्स दोन्हीवर चालतं. माझा लॅपटॉप आठ जीबीचा जुना आहे, एका जिन्याला तो पुरतो.

पहिल्याच दिवशी घोटाळा होतो तो नावाचा. आपण सगळे 'स्पायरल जिना' म्हणतो. फ्रीकॅडमधल्या अवजारांच्या एकेका गटाला वर्कबेंच म्हणतात; त्यातल्या पार्ट वर्कबेंचमध्ये तयार आकारांच्या यादीत 'स्पायरल' आहे. ते निवडलं की जमिनीवर चकली पडते, सपाट. वर काही चढत नाही. जिन्याला लागतं ते 'हेलिक्स', म्हणजे बोल्टवरचं मळसूत्र: फिरत फिरत सारख्या मापानं वर जाणारं. जुने लोक मळसूत्री जिना म्हणायचे तेच बरोबर होतं. हेलिक्सला तीन आकडे द्यायचे, पिच, उंची आणि त्रिज्या. पिच म्हणजे एका पूर्ण फेऱ्यात किती वर गेलो.

आता काम सांगते. वडगावात एका विणकराच्या घरी जिना हवा होता. खाली माग, वर दोन खोल्या, आणि जागा एवढीच की दीड मीटरचा गोल जेमतेम बसावा. फरशीपासून फरशीपर्यंत उंची ३१६८ मिमी. आमच्या घरापेक्षा तीन मिमीचाच फरक, म्हणून दोन्हीकडं हेच आकडे धरते.

फ्रीकॅडमध्ये मी काहीही काढायच्या आधी स्प्रेडशीट उघडते. एक्सेलसारखंच, फाइलच्या आतच राहतं. त्यात लिहिलं: एकूण उंची ३१६८, चढ १६, म्हणून एका पायरीचा चढ १९८. सोळावा चढ लँडिंगवर संपतो, म्हणून पायऱ्या पंधरा. बाहेरची त्रिज्या ७५०. मधला पोल चार इंची पाइपचा, बाहेरून ११४.३ मिमी. पायरीचा कोन वेगळ्या रकान्यात. प्रत्येक रकान्याला नाव द्यायचं, आणि नंतर कुठल्याही मापाच्या चौकटीत बरोबरचं चिन्ह टाकून ते नाव लिहायचं. मग माप त्या रकान्याला बांधलं जातं. रकान्यातला आकडा बदलला की जिना स्वतःच बदलतो. मला फ्रीकॅडमध्ये सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट कुठली, तर ही. टू-डीत कोन बदलायचा म्हणजे पंधरा पायऱ्या पुसून परत काढायच्या. इथं एक आकडा.

पायरी स्केचरमध्ये, म्हणजे सपाट आकृती काढायच्या भागात, काढायची: मध्यापासून दोन रेषा, बाहेर एक कंस, पुढच्या बाजूला २५ मिमी जास्त म्हणजे वरच्या पायरीच्या कडेखाली थोडी सरकते. ५ मिमीची चेकर प्लेट, पुढची आणि मागची कड ४० मिमी खाली दुमडलेली. फ्रीकॅड त्या घनाचं आकारमान सांगतं, त्याला ७.८५ नं गुणलं की वजन: साधारण आठ किलो एक पायरी, प्लेटच्या दाण्यांचं वजन वेगळं. पंधरा पायऱ्यांचं सव्वाशे किलोच्या आसपास. दर लावताना हा आकडा हाताशी असला की गिऱ्हाइकाशी घासाघीस होत नाही.

एक पायरी झाली की तिच्या पंधरा करायच्या. इथं नवीन माणूस अडकतो. पार्ट डिझाइनमधला पोलर पॅटर्न फक्त गोल फिरवतो, वर उचलत नाही. ड्राफ्ट वर्कबेंचमधला पोलर अ‍ॅरे घ्यायचा. त्याच्या गुणधर्मांत 'इंटरव्हल अ‍ॅक्सिस' असं एक आहे, त्यात झेडमध्ये, म्हणजे उभ्या दिशेला, १९८ टाकलं की प्रत्येक पायरी फिरता फिरता एक चढ वर जाते. कोनाची गोम लक्षात ठेवा: पंधरा पायऱ्यांमध्ये जागा चौदाच असतात, म्हणून २७ अंशांच्या पायरीला १४ गुणिले २७, म्हणजे ३७८ द्यायचं. मी पहिल्यांदा १५ नं गुणलं होतं आणि प्रत्येक पायरी दोन अंश सरकली होती.

आता सहाव्या पायरीकडं येते.

आमच्या घरचा जिना मी टेपनं मोजून याच फाइलमध्ये उभा केला. कोन ३०. पंधरा पायऱ्या म्हणजे ४५० अंश, सव्वा फेरा. लँडिंग ९० अंशांचं, म्हणजे ते ४५० पासून ५४० पर्यंत. वरून बघितलं तर ही जागा पहिल्या फेऱ्यातल्या ९० ते १८० अंशांवर, म्हणजे चौथी, पाचवी आणि सहावी पायरी यांच्या बरोबर डोक्यावर. मग मी एक नळकांडं केलं, २०० मिमी जाड, २००० मिमी उंच, उभ्या माणसासारखं, आणि मध्यापासून ५०० मिमीवर, जिथं पाय पडतो तिथं, पायरीसारखाच अ‍ॅरे लावून प्रत्येक पायरीवर उभं केलं. पंधरा माणसं जिन्यावर. आणि लँडिंग लाल करून बघितलं तर एकच माणूस त्यात घुसला होता. सहावा.

हिशोब असा: सहावी पायरी जमिनीपासून ११८८ वर. लँडिंगची प्लेट आणि खालचा ५० चा अँगल मिळून ६० धरले, तर पायरी आणि अँगल यांच्यात १९२० मिमी उरतात. मामंजी पाच फूट नऊ इंच, म्हणजे १७५३. उभे राहिले तर लागत नाही, म्हणूनच इतकी वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही. पण सातव्या पायरीवर पाय टाकून अंग वर उचललं की डोकं अजून लँडिंगखालीच असतं आणि उंची १९८ नं वाढलेली असते. १७५३ अधिक १९८ म्हणजे १९५१. जागा १९२०. एकतीस मिमीसाठी पाच टाके.

त्या संध्याकाळी मी बराच वेळ त्या लाल ठिपक्याकडं बघत बसले. तेव्हापासून माझा नियम: घरातल्या सगळ्यात उंच माणसाची उंची, त्यात एक चढ, आणि वर थोडी सूट. एवढं प्रत्येक पायरीवर मिळालंच पाहिजे.

वडगावच्या जिन्यात कोनाच्या रकान्यात मी २४ टाकलं. लँडिंग मागं सरकलं, डोक्यावर २३१६ मिमी मिळाले, भरपूर. पण पाय पडतो तिथं पायरी २०९ मिमीच उरली, पुरुषाची टाच बाहेर. ३० अंशांना तीच पायरी २६२ मिळते पण डोकं जातं. २७ अंशांना पायरी २३६ आणि डोक्यावर २११८. तेच धरलं. चढ कमी करता येईल का म्हणून सतरा चढही करून बघितले: चढ १८६ वर आला, चढायला हलका, पण सहावी पायरी परत लँडिंगखाली सापडली आणि जागा १९९० झाली. नळकांडं दहा मिमीनं लागत होतं. सोडून दिलं. हे सगळं करायला किती वेळ लागला असेल? एक चहा होईपर्यंत. हाच हिशोब हातानं करायला माझा एक दिवस जातो, आणि म्हणूनच तो हातानं कोणी करत नाही.

दिशा हा आणखी एक मुद्दा. त्या घरातल्या आजींना गुडघ्याचा त्रास. चढताना एक वेळ ठीक, उतरताना उजव्या हाताला कठडा पाहिजे म्हणाल्या. "डाव्या हातात कपड्यांची बादली असते गं," असं त्यांनी मला पायरीच्या मापाआधी सांगितलं. उतरताना कठडा उजवीकडं यायचा तर चढताना तो डावीकडं, म्हणजे वरून बघता जिना घड्याळाच्या दिशेनं चढला पाहिजे. फ्रीकॅडचं हेलिक्स मुळात उलट्या दिशेनं, उजव्या आट्याच्या बोल्टसारखं चढतं. त्याच्या गुणधर्मांत डावा आटा निवडता येतो, आणि अ‍ॅरेचा कोन उणे करायचा. दोन्ही बदलायला विसरू नका, नाहीतर पायऱ्या एकीकडं आणि कठडा दुसरीकडं फिरतो.

कठड्याचा पाइप हा या सगळ्यातला अवघड भाग, आणि फ्रीकॅडनं मला सगळ्यात जास्त दिलं ते इथं. हेलिक्सला पिच २६४० (३६० भागिले २७, गुणिले १९८), उंची २९७०, त्रिज्या ७४० दिली. त्याच्या टोकाला पाइपचं वर्तुळ काढलं आणि पार्टमधल्या स्वीपनं ते मार्गावरून ओढलं. स्वीपच्या खिडकीत 'फ्रेने' नावाची चौकट आहे, तिच्यावर टिक करा. गोल पाइपला फरक दिसत नाही, पण वर चपटी पट्टी लावायची असेल तर टिक नसताना ती पट्टी वाटेत कूस बदलते.

मग पाइपची लांबी मोजली: ६०१५ मिमी. आमच्या दुकानदाराकडं पाइप मिळतो सहा मीटरचा. पंधरा मिमी कमी. त्रिज्या ७४० ची ७३५ केली, लांबी ५९८४ झाली. हे बघून मी खूश होऊन मिस्त्रींना फोन केला तर ते म्हणाले, "ताई, रोलरवर पाइप वाकवताना दोन्ही टोकं सरळच राहतात की. तेवढं जास्तीचं पाहिजेच, जोड द्यावाच लागंल." बरोबर होतं त्यांचं. म्हणून जोड कुठं द्यायचा ते ठरवून दोन तुकड्यांचं ड्रॉइंग केलं, जोड आठव्या पायरीच्या उभ्या बारवर, म्हणजे घासून साफ केला की हाताला लागत नाही. लांबीचा आकडा खरा होता, रोलरची गोष्ट सॉफ्टवेअरला माहीत नसते.

पण दुसरी एक गोष्ट सॉफ्टवेअरला माहीत होती आणि मिस्त्रींना नव्हती. ते आजवर पाइप ७३५ च्या त्रिज्येत वाकवायचे आणि मग साइटवर ओढून ताणून, दोन माणसं लटकून बसवायचे. वर चढणारा पाइप सपाट वर्तुळाएवढा वाकलेला नसतो, तो उताणा होतो. फ्रीकॅडच्या पायथन कन्सोलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, कडेची वक्रता विचारता येते, उत्तर आलं ०.००१०२५, आणि एक भागिले ते म्हणजे ९७५ मिमी. म्हणजे पाइप रोलरवर ९७५ च्या त्रिज्येत वाकवायचा आणि मग लांबीभर सारखा पीळ द्यायचा. स्प्रेडशीटमध्येही करता येतं: पिच भागिले ६.२८३, त्याचा वर्ग, भागिले त्रिज्या, आणि त्यात त्रिज्या मिळवा. मिस्त्रींनी पहिल्यांदा विश्वास ठेवला नाही. १० मिमीच्या सळईवर करून बघितलं, बसली. आता ते प्रत्येक जिन्याला हा आकडा आधी मागतात.

एक तुलना करते, नाव न घेता. मी आधी एक दुसरं, चित्रासारखं पटकन काम होणारं सॉफ्टवेअर वापरायचे. त्यात वर्तुळ म्हणजे चोवीस सरळ बाजूंची आकृती, तुम्ही बदललं नाही तर. गिऱ्हाइकाला दाखवायला छान. पण अशा आकृतीवर मोजलेला कंस खऱ्यापेक्षा कमी भरतो, या जिन्यात जवळपास पंधरा मिमी. फ्रीकॅडमध्ये वक्र खरंच वक्र म्हणून साठवलेला असतो. पडद्यावर तो कोनाकोनांचा दिसला तर घाबरू नका, ते फक्त दाखवणं आहे. व्ह्यू टॅबमध्ये 'डेव्हिएशन' कमी केलं की गुळगुळीत दिसतो. ऑटोकॅडमध्येही २००७ पासून हेलिक्स आहे आणि ज्यांच्याकडं लायसन्स आहे त्यांनी तिकडंच करायला हरकत नाही.

पोलवर पायऱ्यांच्या खुणा करायचा भाग मला सगळ्यांना सांगावासा वाटतो. वर्कशॉपमध्ये आमचा वेल्डर हुक्केरीकडचा, कन्नड बोलणारा, ड्रॉइंगवरची मराठी त्याला वाचता येत नाही आणि मला कन्नड लिहिताना वेळ लागतो. कोन मोजायच्या चकतीनं पोलवर २७-२७ अंश मोजत गेलं की सातव्या-आठव्या पायरीपर्यंत चूक साचते. मी फाइलमधून एक सपाट पट्टी काढली. ११४.३ च्या पोलचा परीघ ३५९ मिमी. तेवढी रुंद, ३१६८ लांब. तिच्यावर एक तिरकी रेषा, प्रत्येक पायरीला १९८ वर आणि २६.९ आडवी. मळसूत्र उलगडलं की सरळ रेषाच होते, शाळेत कागदाचा काटकोन त्रिकोण पेन्सिलीला गुंडाळून बघितला असेल तुम्ही. चौदाव्या पायरीच्या खुणेनंतर रेषा कागदाच्या डाव्या कडेतून बाहेर जाते आणि उजव्या कडेतून परत आत येते. टिळकवाडीतल्या प्लॉटरवाल्याकडून ती एकास एक मापात छापून घेतली आणि पोलला गुंडाळून चिकटवली. प्रत्येक खुणेवर मी हातानं आकडा आणि 'मेट्टिलु' एवढंच लिहिलं होतं, कन्नडमध्ये पायरीला म्हणतात ते. त्यानं पंच मारत मारत पंधराही खुणा वीस मिनिटांत केल्या, कागद फाडला, आणि म्हणाला, "आयतु अक्का." झालं. मी सूत लावून पहिली आणि पंधरावी तपासली. एक मिमीचाही फरक नव्हता.

आता त्रास. ते लपवणं बरोबर नाही.

एकाच कामाची अवजारं दोन-तीन ठिकाणी आहेत. स्वीप पार्टमध्ये आहे, पार्ट डिझाइनमध्ये तेच वेगळ्या नावानं, अ‍ॅडिटिव्ह पाइप. हेलिक्सही दोन्हीकडं. कोणाचं कोणाशी जुळतं ते कळायला मला दोन आठवडे गेले. माझा सल्ला: गोल जिन्यासाठी पायरीचं स्केच करा, आणि पुढं पार्ट आणि ड्राफ्ट एवढ्यातच राहा. इमारतींसाठीच्या बीआयएम वर्कबेंचमध्ये जिन्याचं अवजार आहे, सरळ जिन्याला उपयोगी, गोल जिना मात्र असा स्वतःच उभा करावा लागतो.

मळसूत्राच्या आकारावर कडा गोल करायला गेलात तर बऱ्याच वेळा होत नाही, लाल चूक येते. कडा आधी स्केचमध्येच गोल करा. पोलमधून पायऱ्या वजा करायच्या असतील तर एक-एक वजा करू नका, अ‍ॅरे झाल्यावर एकदाच करा, तरी जुना लॅपटॉप अडखळतोच. टेकड्रॉ, म्हणजे छापायचं ड्रॉइंग बनवणारा भाग, पूर्ण जिन्याचं समोरचं दृश्य काढताना खूप वेळ घेतो, न दिसणाऱ्या रेषा चालू असतील तर विचारूच नका. त्या बंद ठेवा. पायरीचं सपाट ड्रॉइंग वेगळं करा आणि लेझर कटिंगवाल्याला डीएक्सएफ फाइल द्या. दुमडलेली पायरी सपाट करायला शीट मेटल नावाचं अ‍ॅड-ऑन आहे, अ‍ॅड-ऑन मॅनेजरमधून घालता येतं, ते मला अजून एकदाही चुकलेलं नाही.

जुन्या आवृत्त्यांत आधीचं स्केच बदललं की पुढच्या सगळ्या गोष्टी आपापली कड विसरायच्या. हा फ्रीकॅडचा सगळ्यात कुप्रसिद्ध दोष होता. १.० मध्ये तो पुष्कळ कमी झालाय, पूर्ण गेलेला नाही. म्हणून मी कडेवर काही बांधत नाही, स्प्रेडशीटच्या आकड्यांना आणि मूळ अक्षांना बांधते. जुनी ०.२१ आवृत्ती कोणी दिली तर घेऊ नका, १.० पासूनच सुरुवात करा. आणि आमच्याकडं दुपारी लाइट जाते तशी तुमच्याकडंही जात असेल तर आपोआप साठवण्याची वेळ सेटिंगमध्ये पाच मिनिटांवर आणा.

वळणदार आकारांबद्दल थोडं. रिव्हॉल्व्ह, म्हणजे आकृती अक्षाभोवती फिरवून घन करणं, शिकायला मी बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीचे खांब घेतले. १२०४ मधलं जैन मंदिर, रट्टांच्या काळातलं, आणि खांब असे की कोणी लेथवर फिरवून काढले असावेत. अर्धी बाजू स्केचमध्ये काढायची आणि अक्षाभोवती फिरवायची, खांब उभा. एक तास तिथं बसून वहीत बाजूची रेषा उतरवली होती, घरी येऊन केली, आणि आठशे वर्षांपूर्वी त्या घडवणाऱ्यानं कंसाला कंस कसा चिकटवलाय ते मला तेव्हाच नीट कळलं. त्याच देवळातलं छताचं कमळ मात्र अजून जमलेलं नाही. एक पाकळी करून फिरवायची हे सोपं, ती पाकळी करणंच अवघड आहे.

पुढं येळ्ळूर भागातल्या एका देवळासाठी पत्र्याचा अर्धगोल घुमट आला, एक मीटर व्यासाचा. शीट मेटल अ‍ॅड-ऑन असा आकार सपाट करत नाही, आणि ते बरोबरच आहे, दोन्ही बाजूंनी वळलेला पत्रा न ताणता सपाट होतच नाही. बारा पाकळ्या केल्या, प्रत्येक बुडाला २६१.८ रुंद आणि बुडापासून टोकापर्यंत ७८५.४ लांब, मधल्या रुंद्या स्प्रेडशीटनं काढल्या. लॉफ्टपेक्षा, म्हणजे एका आकृतीपासून दुसरीपर्यंत पृष्ठभाग ताणण्यापेक्षा, हा रस्ता बरा पडला. लॉफ्टनं आकार छान दिसतो पण मधे फुगतो, आणि फुगा किती ते आपल्या हातात राहत नाही.

कोणी घ्यावं? महिन्यात एखादा का होईना गोल जिना करणाऱ्या प्रत्येक वर्कशॉपनं. ज्यांना फक्त गिऱ्हाइकाला रंगीत चित्र दाखवायचंय त्यांनी नको. शिकायला मला रोज दोन तास धरून पाच-सहा आठवडे लागले, आणि मला टू-डी येत होतं. ज्याला अजिबात येत नाही त्यानं दोन-तीन महिने धरावेत. कॉम्प्युटर क्लासमधून हे क्वचितच शिकवतात, फ्रीकॅडच्या विकीवर मात्र प्रत्येक आज्ञेचं पान आहे, इंग्रजीत, आकृत्यांसह.

एक गोष्ट सॉफ्टवेअर सांगणार नाही म्हणून मीच सांगते. राष्ट्रीय इमारत संहितेत गोल जिन्याला किमान १५०० मिमी व्यास सांगितलाय आणि तो कमी माणसांच्या वापरासाठी, ९ मीटरपर्यंतच्या इमारतीलाच. जागा नाही म्हणून चार फुटांत बसवा असं गिऱ्हाईक म्हणालं तर फ्रीकॅड मुकाट्यानं करून देईल. तुम्ही करू नका.

आमच्या घरच्या जिन्याचंही झालं. कोन बदलणं आता शक्य नव्हतं, सगळं वेल्ड झालेलं. फाइलमध्ये लँडिंगचे शेवटचे ३० अंश कापून बघितले: सहावी पायरी मोकळी होते, आणि उरलेल्या ६० अंशांत बाहेरच्या कडेला ७८५ मिमी राहतात, उतरून गच्चीच्या दारात पाय टाकायला पुरेसे. तीन नळकांड्यांवर परत तपासलं. मग एका रविवारी मिस्त्रींनी ग्राइंडरनं ती पाचर कापली, कापलेल्या कडेला नवीन अँगल लावला आणि कठडा वळवून घेतला. अर्धा दिवस. मामंजींनी रंग सुकायच्या आत वर जाऊन बघितलं, सहाव्या पायरीवर थांबले, हात वर करून लँडिंग कुठं आहे ते चाचपलं, आणि सांडगे वाळत घालायची चटई मागितली.